दरड कोसळलेल्या गावातल्या मुलांकडून चित्रं काढून घेतली तर त्यांचं मन सावरतं का?

तुमचा प्रश्न असा: गावावर दरड कोसळून वर्ष होत आलंय, तिथल्या मुलांचं चित्रकला शिबिर घ्यायचं, त्यांना ‘त्या दिवसाचं’ चित्र काढायला सांगायचं आणि शेवटी शहरात प्रदर्शन भरवायचं. यानं मन सावरेल का? शिबिराला माझी ना नाही. त्या दिवसाच्या चित्राला आहे आणि प्रदर्शनाला तर ठाम आहे, कारण मी असल्या प्रदर्शनात भिंतीवर लागून आलोय.

मी किल्लारी पट्ट्यातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६ चा भूकंप. आदल्या रात्री गणपती बुडवले होते, आम्ही पोरं शाळेच्या पटांगणातच झोपलो म्हणून वाचलो. घरं कशी होती ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको: दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर माळवद म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छत, त्यावर वर्षानुवर्षं टाकत गेलेली मातीची भर. तीव्रता ६.२. बरीच माणसं मेली ती या ओझ्याखाली. आमचे आजोबा आणि धाकटी बहीण त्यात गेले.

पत्र्याच्या शेडात राहायला आलो तेव्हा शहरातून काही ताई-दादा जीपनं आले. कागद, तेली खडू, बिस्किटं. म्हणाले, ‘त्या रात्री जे पाहिलं ते काढा.’ मी घर काढलं, धड उभं असलेलं, आणि दारात पिवळ्या फ्रॉकमधली धाकटी. ताईंनी बघितलं आणि मायेनंच म्हणाल्या, ‘हे आधीचं झालं ना बाळा, आता नंतरचं काढ.’ मग मी त्याच घरावर काळा खडू फिरवला. त्यांना ते फार आवडलं. चित्र प्रदर्शनाला नेलं, ‘परत आणून देऊ’ म्हणाले, आणि ते कधीच आलं नाही. आमच्याकडे धाकटीचा फोटो नव्हता. एवढं सांगतो आणि पुढे जातो, नाहीतर उत्तर राहून जाईल.

त्याच हिवाळ्यात शेडात दुसरी एक गोष्ट चालली होती, जिला कुणी कला म्हणत नव्हतं. मदत म्हणून जुन्या कपड्यांचे ट्रकच्या ट्रक आले होते. जीन्स, कोट, नायलॉनच्या साड्या. लुगडं नेसणाऱ्या बायांना त्याचा काय उपयोग? रस्त्याच्या कडेला ढीग भिजत पडले. आई, चुलती आणि गल्लीतल्या बायांनी त्यातलं सुती तेवढं निवडलं, फाडलं, धुतलं आणि वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवायला बसल्या. पत्रा रात्री बर्फासारखा गार पडायचा, म्हणून गरजही होती. चारी कडांना चौघी बसायच्या आणि धावदोरा घालत आत आत यायच्या. भांडणंही व्हायची. कुणाचा टाका लांब, कुणी चांगला तुकडा आधीच मांडीखाली दाबून ठेवलेला.

खरं भांडण झालं ते ढिगाऱ्यातून काढलेल्या कपड्यांवरून. आईनं धाकटीचा तो पिवळा फ्रॉक जपून ठेवला होता, चुलतीकडे तिच्या सासूचं लुगडं होतं. आजी कडाडली, ‘मेल्या माणसाचं कापड अंगावर घेत्यात व्हय?’ दोन दिवस काम बंद. मग आजीनंच तोड काढली: वरच्या थरात नको, आतल्या थरात घाला. डोळ्यांना दिसणार नाही, अंगालाही लागणार नाही. तसंच केलं. तो थर अंथरताना चुलतीनं म्हटलेली ओवी माझ्या कानात अजून आहे:

विसर्जनाची रात बाई, धरणी का गं कोपली
माझी साळू झोपली माळवदाखाली

कुणी शाबास म्हटलं नाही की लिहून घेतलं नाही. एक जण म्हणाली, ‘दोरा संपला, दुसरं रीळ काढ.’

पुढे नवीन गावं वसली. जमिनीप्रमाणे घरं मिळाली: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट, तीन गट. रस्ते रुंद, प्लॉट सरळ रेषेत, आणि आमची गल्ली तीन गटांत फुटली. पण वाकळेसाठी त्या बाया उन्हातान्हात एकमेकींच्या घरी चालत जात राहिल्या. माझ्या मते मन सावरलं असेल तर ते त्या जाण्यायेण्यात आणि हाताला लागलेल्या कामात. कच्छमध्येही हेच दिसतं. २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोह वाढलं, अजरखचे म्हणजे तिथल्या ठशांनी छापलेल्या कापडाचे रंग बिघडायला लागले, तेव्हा खत्री छपाईवाल्यांपैकी बरेच जण भुजजवळ अजरखपूर वसवून तिथे गेले. छपाई ही त्यांची भाकरी होती, म्हणून ती टिकली. ‘उपचार म्हणून कला’ हे शब्द बहुतेक वेळा बाहेरून आलेल्या माणसांच्या तोंडी असतात.

आता माझा मोठा भाऊ. तोही त्याच शिबिरात होता. ताई-दादांनी सांगितलेलं त्यानं काहीच काढलं नाही, विसर्जनाच्या गाडीचे बैल काढले. बक्षीस मिळालं. पुढे एटीडी करून चित्रकलेचा शिक्षक झाला. दर दिवाळीला मला ऐकवतो, ‘त्या शिबिरानं मला वाचवलं.’ दादा, तू वाचलास कारण तू त्यांचं ऐकलं नाहीस. भूकंपाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तर त्यानं कमालच केली. आईची वाकळ प्रदर्शनात काचेआड लावायची आणि एका कोपऱ्यात उसवून आतला फ्रॉक दिसेल असं करायचं म्हणे! मी नाही म्हटलं. वर्षभर आमचं बोलणं बंद. आईला विचारलं तर म्हणाली, ‘आधी उन्हात टाका तिला, कुबट वास यायलाय.’

तर शिबिर घ्याच. कागद-रंग ठेवा, विषय देऊ नका. मूल दरडीऐवजी क्रिकेट काढेल तर काढू द्या, ‘नंतरचं काढ’ म्हणू नका. फोटो काढू नका. चित्र संध्याकाळी मुलासोबत घरी गेलं पाहिजे. प्रदर्शन करायचंच असेल तर गावात करा, बघणारेही गावातलेच. आणि एकदा येऊन जाऊ नका, दर आठवड्याला ठरल्या वारी या. गावात शिवणारी, विणणारी, भजन म्हणणारी माणसं असतील तर त्यांना मुलांमध्ये बसवा, तुम्ही बाजूला व्हा.

हेही लक्षात घ्या की काही मुलांना त्या दिवसाचंच चित्र काढायचं असतं, त्यांना अडवू नका. मात्र जे मूल अजून झोपत नाही, जेवत नाही किंवा पाऊस आला की थरथरतं, त्याला रंगपेटी देऊन भागणार नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात.

दादा हे वाचणार आणि खाली लांबलचक लिहिणार, हे मला माहीत आहे. लिही. पण वाकळ माझ्या घरी आहे आणि ती उसवायची नाही.