गावभागात तळमजला आणि दीड टीबी फोटो: नॅस घ्यावा की एक्स्टर्नल?

प्रश्नातलं महत्त्वाचं एवढंच: सांगलीत गावभागात तळमजल्यावर घर, दोन विंडोज लॅपटॉप, मिळून दीड टीबी फोटो-व्हिडिओ, आणि दोन डिस्कचा नॅस (राउटरला जोडून घरातल्या सगळ्यांना वापरता येणारा, डिस्क बसवलेला डबा) घ्यायचा विचार. माझं मत, आधी 4 टीबीच्या दोन एक्स्टर्नल ड्राइव्ह घ्या. नॅसचं नंतर बघू.

नॅस घरातच राहतो, अडचण तिथेच आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि 2019 च्या पुरात पाणी 57 फुटांवर गेलं होतं. अशा वेळी माणसं बाहेर पडतात, कोपऱ्यातला डबा कोणी उचलत नाही. शिवाय दोन डिस्कचा मिरर, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणं, हा बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, इतकाच त्याचा उपयोग. पोरानं फोल्डर उडवला की तो दोन्हीकडून त्याच क्षणी जातो.

ड्राइव्ह अडीच इंची घ्या, वेगळा अडॅप्टर लागत नाही. मार्करने 'अ' आणि 'ब' लिहा. फॉरमॅट एनटीएफएस (विंडोजची नेहमीची पद्धत) ठेवा. एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं, त्यामुळे कॉपी चालू असताना केबल निघाली की फोल्डर गडबडायची शक्यता जास्त. 'अ' घरी, दर रविवारी जोडायची. 'ब' विश्रामबागेत किंवा मिरजेत, पाणी न येणाऱ्या ठिकाणच्या नातेवाइकांकडे. महिन्यातून एकदा अदलाबदल. दोन्ही एकाच वेळी एकाच लॅपटॉपला लावायच्या नाहीत, नाहीतर रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) दोन्ही घेऊन जाईल.

पहिली कॉपी सेकंदाला 100 एमबीने धरली तरी चार तासांच्या वर जाते, आणि व्हॉट्सॲपच्या बारीक फाइल असतील तर बरीच जास्त. लॅपटॉपचं स्लीप बंद करा, त्यामुळेही कॉपी अर्धवट राहू शकते. लाइट गेली तर काळजी नाही, ड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅटरीवर चालते. रोबोकॉपी (विंडोजमधली कॉपी करायची कमांड) वापरत असाल तर मिरर पर्याय जपून: मूळ जागी चुकून पुसलेलं तो ड्राइव्हवरूनही पुसतो. अदलाबदलीच्या दिवशी चार-पाच जुने फोटो उघडा आणि एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा. नुसती फाइलची नावं दिसली म्हणजे झालं असं नाही.

पुढेमागे सगळ्यांचे मोबाइल आपोआप रिकामे व्हावेत असं वाटलं, तर नॅस जरूर घ्या, सोय मोठी आहे. पण 'ब' ड्राइव्हची फेरी तेव्हाही चालूच ठेवायची. नॅसमधल्या डिस्क सीएमआर प्रकारच्या (डेटाच्या पट्ट्या सुट्या लिहिणाऱ्या) घ्या. पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणारी एसएमआर डिस्क स्वस्त पडते, पण मेलेली डिस्क बदलून मिरर नव्याने बांधताना फार रखडते. घरच्या इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका. लाइट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात नॅस रीस्टार्ट होऊ शकतो. यूएसबीने नॅसला 'बंद हो' सांगणारा छोटा यूपीएस (लाइट जाताच क्षणात बॅटरीवर घेणारा डबा) लावा. नॅस बाहेरून उघडता यावा म्हणून राउटरचा पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडू नका. 2022 मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने असेच हजारो नॅस कुलूपबंद केले.

आणि नॅस घेतलात तर वायरमनने नेटवर्कच्या केबलची टोकं कशी बसवलीत ते बघा. आठपैकी चारच तारा जोडल्या असतील तर वेग सेकंदाला 11 एमबीच्या वर जात नाही. दीड टीबीला त्या हिशेबानं जवळपास 38 तास लागतील. आठही तारा जोडून, राउटरही गिगाबिट (सेकंदाला 1000 मेगाबिटचा) असेल, तर तेच काम साधारण चार तासांत होतं.