बैठे काम करणाऱ्याने रोज १२०० कॅलरींचे लक्ष्य पाळावे का?

वय ४२, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८४ किलो आणि दिवसभर खुर्चीतले काम, अशा पुरुषाला मोबाइलवरील अ‍ॅपने सुचवलेले १२०० कॅलरींचे लक्ष्य पाळावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मी डॉक्टर नाही. सोलापुरात राहून, घरचेच जेवण जेवून दीड वर्षात अकरा किलो वजन उतरवले, एवढाच माझा अधिकार.

शरीर दिवसाला किमान किती कॅलरी खर्च करते हे काढण्यासाठी १९९० साली मांडलेले मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र आपल्याला घरीच वापरता येईल. किलोतील वजनाची दहापट आणि सेंटिमीटरमधील उंचीची सव्वासहापट यांच्या बेरजेतून वयाची पाचपट वजा करावी व पुरुषांसाठी ५ मिळवावेत. स्त्रियांसाठी मात्र १६१ वजा करावे लागतात. आपला आकडा साधारण १७०० येतो, म्हणजे दिवसभर नुसते पडून राहिलात तरी शरीर तेवढे खर्च करणारच. बैठ्या कामासाठी त्याला १.२ने गुणले की सुमारे २०४० होतात. १२०० खाल्ल्यास रोज ८४० कॅलरींची तूट पडते; बहुधा आपण अ‍ॅपमध्ये आठवड्याला पाऊण किलो घटवण्याचा पर्याय निवडला असावा. एवढी तूट काही दिवस सोसते, मग एखाद्या रात्री सगळी भरून निघते. (माझी दोनदा निघाली.)

शरीरातील एक किलो चरबीमागे ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरतात. रोज ४०० कमी घेतल्यास, म्हणजे १६५० च्या आसपास राहिल्यास, महिन्याला दीड किलोपर्यंत वजन उतरावे. पहिल्या आठवड्यात जास्त उतरते, पण त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो, म्हणून त्यावरून हिशेब बांधू नये.

खरी चूक मात्र लक्ष्यात नव्हे, मोजण्यात होते, आणि आपल्या सोलापुरी ताटात ती हमखास होते. मी भाकरी काटेकोर मोजत असे, कारण वजन भाकरीनेच वाढते असा माझा समज होता. साठ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी जेमतेम २०० कॅलरींची असते. तिच्यासोबतची शेंगाचटणी मी कधी मोजलीच नाही, कारण चटणी म्हणजे तोंडीलावणे. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे ५६० कॅलरी असतात, तेव्हा तीस ग्रॅम चटणीच्या १७० आणि तिच्यावर ओतलेल्या मोठ्या चमचाभर तेलाच्या १२० धरल्या, तर तोंडीलावणेच भाकरीला भारी पडते आणि ४०० च्या तुटीतील बहुतेक भाग एका जेवणात संपतो. चटणी सोडायची गरज नाही. मी वरचे तेल बंद केले आणि चटणी आधी वाटीत काढून घेऊ लागलो.

सूत्राचा आकडा हा अंदाजच असतो, म्हणून रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करून आठवड्याची सरासरी लिहावी आणि चार आठवडे ती हललीच नाही तर लक्ष्यातून शंभर-दीडशे कॅलरी कमी कराव्यात. वजन ७८ वर आले की खर्चही रोज सत्तरेक कॅलरींनी घटलेला असेल, तेव्हा हिशेब नव्याने मांडावा लागेल. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आहार कमी करण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, कारण तोच डोस कमी जेवणावर साखर फार खाली नेऊ शकतो.