संघटनेच्या वर्गणीत मुरणारा करदात्यांचा पैसा

आपली नगरपालिका नगरपालिकांच्या ज्या संघटनेला दरवर्षी वर्गणी देते, तिचे पदाधिकारी परिषदा आणि दौऱ्यांवर सढळ हाताने खर्च करतात, आणि हिशेब मागितला की ‘आमची संस्था खासगी आहे’ असे उत्तर मिळते, तेव्हा करदात्याने काय करावे, असे आपण विचारले आहे. स्थानिक संस्थांचे हिशेब तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

संघटनेने दार लावून घेतले, तरी पालिकेचे दफ्तर आपल्याला मागता येते. पैसा तिथूनच निघतो आणि निघताना ठराव, देयक व प्रमाणक (व्हाउचर) मागे ठेवतो. मात्र केवळ वर्गणीचे लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातील त्या नावाचा खर्च, पाहून थांबू नये, कारण अशा अनेक संघटना सभासद-संस्थांसाठी विमा आणि कर्जाच्या योजनाही चालवतात व त्यांच्याकडे येणारा मोठा ओघ विम्याच्या हप्त्यांचा असतो. अमेरिकेतील केंटकी राज्यात काउंट्यांच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) आणि शहरांच्या संघटनांचे असेच झाले. वृत्तपत्राने त्यांच्या पदाधिकाऱ्यांचा प्रवास, मेजवान्या आणि करमणुकीवरील खर्च उघड केल्यावर 2009 मध्ये राज्याच्या लेखापरीक्षक क्रिट लुआलन यांनी हिशेब तपासले, आणि संघटनांच्या प्रमुखांना पदे सोडावी लागली. कराचा पैसा एकदा ‘वर्गणी’ किंवा ‘हप्ता’ या नावाने बाहेर पडला की तो आता आपला नाही, अशी समजूत देणारा आणि घेणारा दोघेही सोयीने करून घेतात.

पैसा मुरण्याची दुसरी वाट उपसमित्यांची. कॅलिफोर्नियातील बेल या लहानशा, गरीब शहरात नगरसेवक वर्षाला सुमारे 1 लाख डॉलर घेत होते, आणि त्यातला बहुतेक भाग ज्यांच्या बैठका जेमतेम काही मिनिटे चालत किंवा होतच नसत, अशा मंडळांच्या सदस्यत्वापोटी मिळत होता. शहर व्यवस्थापक रॉबर्ट रिझो यांचा पगार 8 लाख डॉलरच्या घरात होता. हे 2010 मध्ये बाहेर आले. म्हणून मानधनाचा आकडा मागताना त्या समितीचे इतिवृत्त, त्यातील सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळांसह, मागावे.

‘लेखापरीक्षण झाले आहे’ हे उत्तर मिळाले, तर त्यावर समाधान मानू नये. इलिनॉयमधील डिक्सन हे जेमतेम 16 हजार वस्तीचे शहर. तिथल्या वित्ताधिकारी रीटा क्रंडवेल यांनी 1990 पासून दोन दशकांहून अधिक काळ 5 कोटी 37 लाख डॉलर लुबाडले आणि त्यातून जातिवंत घोड्यांचा मोठा तबेला उभा केला. त्यांनी शहराच्याच नावाने एक जादा बँक खाते उघडले होते, राज्य शासनाची बनावट देयके तयार करून पैसे तिकडे वळवले जात, आणि दरवर्षीच्या लेखापरीक्षणात ते कधीच सापडले नाही. 2011 मध्ये त्या लांब रजेवर असताना त्यांचे काम पाहणाऱ्या सहकारी महिलेने बँकेकडून सर्व खात्यांचे उतारे मागवले, तेव्हा हे अनोळखी खाते प्रथमच दुसऱ्या कुणाच्या नजरेस पडले. पुढे क्रंडवेल यांना 19 वर्षे 7 महिन्यांची शिक्षा झाली आणि लेखापरीक्षक व बँकेकडून शहराला 4 कोटी डॉलर मिळाले. तिजोरी, धनादेश आणि ताळमेळ ही तिन्ही कामे एकाच हाती असलेल्या कार्यालयात वर्षानुवर्षे रजा न घेणारा कर्मचारी कौतुकास पात्र ठरतो. मला मात्र त्याचीच धास्ती वाटते.

तेव्हा पालिकेकडे माहिती मागण्याच्या अर्जात ‘एवढा खर्च का केला’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर मतांच्या स्वरूपात येते, कागद मागावा. संस्थेच्या नावावरील सर्व बँक खात्यांची यादी बँकेच्या दाखल्यासह मागावी, त्या संघटनेला विविध शीर्षांखाली गेलेल्या रकमांची प्रमाणके मागावीत आणि परिषदेला कोण गेले, कोणत्या ठरावाने गेले व परत येऊन कोणता अहवाल दिला, याची प्रत मागावी. नकार मिळाल्यास तो लेखी घ्यावा. प्रत्येक परिषद म्हणजे लूट असे मी म्हणत नाही. लहान पालिकांना एकट्याने न परवडणारे कायदेशीर साहाय्य आणि प्रशिक्षण अशा संघटनांमुळेच मिळते. पण ज्या दौऱ्याचा अहवालच दप्तरी नाही, त्या दौऱ्यापासून तपासणी सुरू करावी, आणि संघटनेच्या कार्यकारिणीवर आपल्या पालिकेचा प्रतिनिधी असेल, तर तिथला लेखापरीक्षण अहवाल पालिकेच्या सभेपुढे ठेवण्याची लेखी मागणी त्याच्याकडे करावी.