पात्र, चरित्र आणि तुटलेला पाय

प्रश्न असा आला आहे: ‘सातवीच्या मुलांसाठी कथेच्या घटकांचा तक्ता करते आहे. कथानक, स्थळकाळ, संघर्ष, निवेदक हे रकाने ठरले. कॅरेक्टरच्या रकान्यावर काय लिहू? पात्र, चरित्र, व्यक्तिरेखा असे तिन्ही शब्द दिसतात. आणि कथा व कथानक एकच की वेगळे?’

चरित्र लिहू नका. बाकीचे सावकाश बघू.

‘या मालिकेतलं माझं चरित्र खूप वेगळं आहे’ असे एखादी अभिनेत्री मुलाखतीत म्हणते, आणि समोरचा मान डोलावतो. बाईंना म्हणायचे असते भूमिका. मराठीत त्या म्हणतात ते असे, की माझ्या आयुष्याची हकिकत वेगळी आहे. हिंदीत चरित्र या शब्दाला तो अर्थ आहे, तिथे ‘चरित्र-चित्रण’ हा परीक्षेतला रीतसर प्रश्न आहे, आणि हिंदीने तो खुशाल विचारावा. मराठीत मात्र चरित्र म्हणजे कुणाच्या तरी जीवनाची कथा, आणि हे काल-परवा ठरलेले नाही. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रापासून हा शब्द त्या जागेवर बसलेला आहे. आत्मचरित्र, चरित्रकार, चरित्रनायक ही त्याची पोरेबाळे.

‘भाषा वाहती असते’ हे वाक्य लगेच फेकले जाईल, म्हणून आधीच सांगतो. रिकाम्या जागेत नवा शब्द आला तर तक्रार नाही. भरलेल्या जागेत घुसवला की गोंधळ होतो. ‘लेखकाने आजीचे चरित्र सुंदर रंगवले आहे.’ आता लेखकाने कथा लिहिली की आजीच्या आयुष्यावर पुस्तक लिहिले? वाक्य सांगत नाही. त्यात चारित्र्य या शेजाऱ्याची भर. चारित्र्य म्हणजे शील, वागणुकीची नैतिक बाजू. मुले चरित्र आणि चारित्र्य यांतला य कधी गाळतात, कधी जोडतात, आणि ‘महात्म्यांचे चारित्र्य वाचावे’ असे लिहून मोकळी होतात.

पण हा शब्द मुळात काय होता ते पाहिले की राग विसरायला होतो. चरित्र म्हणजे पाय.

पाणिनीचे एक सूत्र आहे: ‘अर्तिलूधूसूखनसहचर इत्रः’. सात धातू, म्हणजे क्रियापदांची मुळे, दिले आहेत आणि त्यांना ‘इत्र’ हा प्रत्यय लावायला सांगितला आहे. अर्थ कोणता? करण, म्हणजे साधन. ज्याने ती क्रिया होते ती वस्तू. ‘लू’ म्हणजे कापणे, त्याचे लवित्र, विळा. ‘खन्’ म्हणजे खणणे, त्याचे खनित्र, कुदळ. ‘ऋ’ म्हणजे जाणे, त्याचे अरित्र, होडी पुढे नेणारे वल्हे. अवजारांची पेटीच उघडून ठेवली आहे. आणि या पेटीत सर्वांत शेवटी, विळ्या-कुदळीच्या पंक्तीला, ‘चर्’ म्हणजे चालणे, त्याचे चरित्र. चालण्याचे साधन.

हे नुसते वैयाकरणांचे हिशेब नाहीत. ऋग्वेदात, पहिल्या मंडलाच्या ११६व्या सूक्तात, विश्पलेची गोष्ट येते. खेल राजाच्या झुंजीत रात्री तिचा पाय तुटला. ऋचेतले शब्द ‘चरित्रं हि वेरिवाच्छेदि पर्णम्’: पक्ष्याचा पंख तुटावा तसे तिचे चरित्र तुटले. आणि अश्विनीकुमारांनी तिला लगोलग धातूची जंघा बसवली, पुन्हा धावता यावे म्हणून. इथे चरित्राचा अर्थ ‘जीवनकथा’ घ्या बरे. अश्विनीकुमार वैद्य होते, प्रकाशक नव्हते.

या विश्पलेवरून विद्वानांत बरीच जुंपलेली आहे. कुणी तिला लढणारी स्त्री मानतात. पिशेल या जर्मन पंडिताने ही झुंज म्हणजे शर्यत आणि विश्पला ही शर्यतीतली घोडी, असे मांडले. ऋचेतला ‘आजि’ हा शब्द शर्यत आणि लढाई दोन्हींना चालतो, त्यामुळे पिशेलला अगदीच मोडीत काढता येत नाही. पण घोडीला एक पाय धातूचा बसवून तीन पायांच्या जोडीने पळवणे हे अश्विनीकुमारांनाही जड गेले असते असे मला वाटते. बाई असो की घोडी, चरित्र म्हणजे पाय, यात मात्र दुमत नाही.

पायापासून चालणे, चालण्यापासून चालचलणूक, चालचलणुकीपासून आयुष्याची हकिकत, असा शब्द सरकत आला. ‘त्याची चाल बरी नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा हाच रस्ता पुन्हा चालतो. काही कोशकार ‘चरित’ आणि ‘चरित्र’ समानार्थी म्हणून एका ओळीत टाकतात आणि पुढे जातात. हा आळस आहे. चरित म्हणजे आचरलेले, केलेले; ते भूतकाळवाचक रूप आहे. म्हणून बुद्धचरित, हर्षचरित. चरित्र हे साधनवाचक. पुढे दोन्ही एका अर्थात मिसळले हे खरे, पण मिसळले असे सांगायला आधी दोन होते हे सांगावे लागते.

आता पात्राकडे. गंमत अशी की पात्र हेही त्याच जातीचे. पा म्हणजे पिणे, त्याला साधनवाचक त्र. शस्त्र, वस्त्र, नेत्र, श्रोत्र ही सगळी या त्रची भावंडे: कापायचे साधन, नेसायचे साधन, वाट दाखवून नेणारे, ऐकायचे साधन. पात्र म्हणजे पिण्याचे साधन, प्याला. पात्राचा पत्राशी, म्हणजे पानाशी, संबंध जोडणारे लोक भेटतात आणि पुरावा म्हणून पत्रावळ पुढे करतात. पत्रावळ पत्रापासूनच आली, यात वाद नाही. पण ती पात्राची आई नव्हे, नुसती शेजारीण. दुसरी एक कीर्तनी व्युत्पत्ती आहे: पतनापासून तारते ते पात्र. दान कुणाला द्यावे हे सांगताना ती कानाला गोड लागते. व्युत्पत्ती म्हणून तिची किंमत शून्य.

प्याल्यापासून अर्थ कसे फुटले पाहा. प्याल्यात काही मावते, म्हणून जो काही धारण करू शकतो तो पात्र, लायक. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘योग्यभाजनयोः पात्रम्’ असे दोन्ही अर्थ एका दमात दिले आहेत, योग्य आणि भांडे. सत्पात्री दान, पात्रता, अपात्र ठरणे, हास्यास पात्र होणे, हे सगळे तिथले. त्याच अमरकोशात नदीच्या दोन तीरांबद्दल सांगून झाल्यावर ‘पात्रं तदन्तरम्’ असे येते: दोन काठांच्या मधली जागा ती पात्र. नदीचे पात्र आपण आजही म्हणतो. काठांनी धरून ठेवलेला लांबलचक प्यालाच तो.

आणि नाटकातले पात्र? इथे अभिनवगुप्ताला बोलवावे लागते. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सांध्यावर काश्मीरमध्ये होऊन गेलेला हा माणूस नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना विचारतो, रस कुठे असतो? त्याच्या आधीचा टीकाकार भट्ट लोल्लट म्हणून गेला होता की मूळचा रस रामादिकांत, आणि त्यांच्याशी एकरूप होणाऱ्या नटातही. अभिनवगुप्त म्हणतो, नटात रस नाही. मग नटात काय आहे? आस्वादाचा उपाय. आणि लगेच पुढे: म्हणून तर त्याला पात्र म्हणतात, कारण मद्याची चव पात्राला लागत नसते. प्याला चव घेत नाही, पिणारा घेतो. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते, प्याला कोरडा राहतो. नटाने भूमिकेत विरघळून जावे असे सांगणाऱ्यांना हे पटणार नाही. पण मराठीने व्याकरणात अभिनवगुप्ताचीच बाजू घेतली आहे. नायक तो, नायिका ती, पण पात्र नेहमी ते. प्याल्याचे नपुंसकलिंग नाटकात शिरूनही सुटले नाही.

आणि याच लिंगावर मुलांचे गुण जातात. ‘भिवा हे पात्र लोभी वाटतो’ चूक. ‘भिवा हे पात्र लोभी वाटते’ किंवा सरळ ‘भिवा लोभी वाटतो’. अनेकवचन पात्रे, पात्र नव्हे: ‘कथेत तीन पात्र आहेत’ हे हिंदीचे वळण. ‘पात्र निभावले’ हेही तिकडचेच. मराठीत निभावणे म्हणजे कसेबसे पार पाडणे. वेळ निभावून नेतात. नट भूमिका करतो, वठवतो. लेखक पात्र रंगवतो.

राहिली व्यक्तिरेखा. हा शब्द घडवलेला आहे आणि झकास घडवलेला आहे. इंग्रजी कॅरेक्टरच्या मुळाशी ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ कोरणे, ओरखडणे. खरक्तेर म्हणजे कोरायचे साधन, नाण्यावर उठवलेला ठसा. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने माणसांचे तीस नमुने लिहिले, एकेका स्वभावाचा एकेक ठसा, त्या पुस्तकाला हेच नाव. आणि आपली रेखा? रिख् आणि लिख् ही एकाच धातूची दोन रूपे. मूळ अर्थ ओरखडणे, लिहिणे नंतरचे. व्यक्ती म्हणजे संस्कृतात प्रकट होणे. ओरखड्यांतून जे प्रकट होते ती व्यक्तिरेखा. हा शब्द घडवणाऱ्याच्या कानात ग्रीक ठोके वाजत असणार असा माझा तर्क आहे; योगायोग म्हणायला हे फार नेटके जमले आहे.

लिहिताना व्यक्ती सुटा असेल तर ती दीर्घ, समासात पहिला आला की क्ति ऱ्हस्व: व्यक्तिरेखा, व्यक्तिचित्र. फलकांवर ‘व्यक्तीरेखा’ दिसते म्हणून ती बरोबर होत नाही.

मग पात्र आणि व्यक्तिरेखा यांत फरक काय? एक छोटी कथा घ्या. भिवा नावाडी माणसांना नदीपार नेतो. दिवसा भाड्याची नाणी दोनदा मोजल्याशिवाय दोर सोडत नाही. एका रात्री आजारी मूल घेऊन एक बाई येते. भिवा होडी सोडतो, पलीकडे लावतो, हात पुढे करत नाही. सकाळी पुन्हा नाणी दोनदा मोजायला बसतो.

इथे पात्र कोण? भिवा, ती बाई. मूल स्वतः काही करत नाही, पण ते काढून टाका, भिवा भाड्यासाठी हात पुढे केल्याशिवाय राहणारच नाही. म्हणून तेही पात्र. दिवसा येणारे उतारू नुसता उल्लेख, ते पात्रांत धरायचे नाहीत. कसोटी हीच: काढून पाहा, गोष्ट तशीच चालते का? प्राणी, झाड, वारा, काहीही या कसोटीला उतरले तर पात्र होऊ शकते. पात्र सापडते ‘कोण’ या प्रश्नाने.

व्यक्तिरेखा सापडते ‘कसा, आणि ते कशावरून कळले’ या प्रश्नाने. दोनदा नाणी मोजणे हा पहिला ओरखडा, हात पुढे न करणे दुसरा, सकाळी पुन्हा मोजणे तिसरा. तिसरा नसता तर भिवा लोभी होता आणि सुधारला अशी सपक गोष्ट झाली असती. तिसऱ्या रेघेने तो काटेकोर आहे, लोभी नाही, हे उठून आले. उत्तर लिहिताना मुले ‘भिवा दयाळू, कष्टाळू व प्रामाणिक आहे’ अशी विशेषणांची माळ लावतात आणि तिला व्यक्तिरेखा समजतात. ती स्वभावगुणांची यादी झाली. प्रत्येक विशेषणापुढे कथेतली एक कृती किंवा बोलणे ठेवले तरच व्यक्तिरेखा स्पष्ट केली असे होते. दोन विशेषणे आणि तीन कृती, एवढे पाच-सहा ओळींच्या उत्तराला पुरते. कष्टाळूला या कथेत आधार नाही, तो शब्द खोडा.

भिवाचे चारित्र्य? त्याबद्दल कथा काही बोलत नाही. भिवाचे चरित्र? ते कुणी लिहिलेले नाही.

म्हणजे तक्त्यावर ‘पात्रे’ लिहा आणि त्याखाली उपरकाना ‘व्यक्तिरेखा: कोणत्या कृतीवरून’ असा करा.

कथा-कथानकाचेही विचारले होते. संस्कृतात कथानक म्हणजे छोटी गोष्टच, त्यामुळे जुन्या लेखनात दोन्ही एक दिसले तर दचकू नका. आज शाळेत कथा म्हणजे सांगितलेले सगळे: नदी, काळोख, बोलणी, निवेदकाचा सूर. कथानक म्हणजे त्यातली ‘म्हणून’ आणि ‘पण’ यांनी बांधलेली घटनांची साखळी: भिवा भाड्याला पक्का होता, पण मूल आजारी होते, म्हणून त्याने हात पुढे केला नाही. ‘मग, मग, मग’ एवढ्यानेच वाक्ये जोडता आली तर तो घटनाक्रम झाला, कथानक अजून हाती लागलेले नाही.

आणि कुणी पोराने पात्रांच्या रकान्यात ‘नदीचे पात्र’ लिहिलेच, तर अमरकोशाला स्मरून ते शेजारच्या स्थळकाळाच्या रकान्यात हलवा.