पाणी तोडल्याने लघवीची घाई थांबते का?

"मॅडम, घराबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की आधी लघवीची धास्ती." मधुमेह, कंपवात किंवा लकव्यातून उठलेल्या माणसांकडून, त्यातही बायकांकडून, परभणीत मी हे सतत ऐकते. उपायही त्यांनी आधीच शोधलेला असतो: पाणी तोडायचं.

जिंतूरकडच्या एक मावशी त्यातल्याच (ओळख बदलली आहे). साखर जुनी. घाई लागली की न्हाणीघर गाठेपर्यंत निसटायचं. भजन सुटलं, हळदीकुंकू सुटलं, एसटीचं तर नावच नको. भर मे महिन्यात दिवसाला जेमतेम तांब्याभर पाणी, चहा मात्र चार वेळा.

आधी त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. जळजळ, ताप, लघवीत रक्त, लघवी अडकणं ही समुपदेशकाची कामं नव्हेत. साखर चढली की लघवी जास्त होते, आणि जुन्या साखरेने मूत्राशयाच्या नसाही दुबळ्या होतात. त्यात पाणी तोडलं की लघवी घट्ट होऊन मूत्राशय चिडतं, घाई उलट वाढते. मावशींना हे सगळं पटलं, पण पाणी काही वाढेना. नुसत्या माहितीने माणूस बदलत नाही, असं माझं ठाम मत आहे. घडलेल्या गोष्टीला आपण जो अर्थ चिकटवतो, तिथे हात घालावा लागतो.

"कुणाला वास आला तर काय होईल?"
"म्हणतील, हिला कशाला आणली."
"सासूबाईंना लकवा होता म्हणालात. त्यांचं कोण करायचं?"
"मीच की."
"चादर ओली झाली की?"
"त्या रडायच्या. मी म्हणायची, आत्याबाई, धुता येतीय चादर, रडायलात कशाला?"
"आणि नाकाला पदर लावायचात?"
मावशी भडकल्याच. "असं कसं करीन? सासू होत्या माझ्या!"
"मग स्वतःच्याच बाबतीत का लावलाय?"

हा प्रश्न मला आजही आवडतो. मावशी बराच वेळ पदराचा काठ चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुनेला सांगावं लागंल."

पुढचं सोपं होतं. पाणी दिवसभर थोडं थोडं, संध्याकाळनंतर कमी. (हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.) घाई नसली तरी दर दोन तासांनी जाऊन यायचं. वारा अडवताना आवळतो ते स्नायू ५ सेकंद आवळायचे, तेवढाच वेळ सोडायचे. १० वेळा, दिवसातून तीनदा. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, आणि नेमके तिसऱ्या आठवड्यात लोक कंटाळतात. घाई लागली की पळायचं नाही, पळताना हमखास निसटतं. जागीच टेकायचं, चार-पाचदा आवळायचं, घाई ओसरली की चालत जायचं.

मावशी भाचीच्या लग्नाला गेल्या, पिशवीत पॅड आणि जादाचं पातळ घेऊन. अजूनही कधीतरी निसटतं.

सुनांनो, लेकींनो, घरात कुणी पाणी टाळतंय, कार्यक्रम टाळतंय असं दिसलं तर चारचौघांत विचारू नका. स्वयंपाकघरात एकटीला गाठा आणि सरळ विचारा, "आई, लघवीचा त्रास होतोय का? डॉक्टरांकडे मी येते सोबत."