माजी विद्यार्थी मेळाव्यातली कायद्याची व्याख्यानं ऐकायला जावं का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या लॉ कॉलेजच्या मेळाव्यात यंदा सकाळचे तीन तास नव्या फौजदारी कायद्यांवरच्या व्याख्यानांना दिलेत. तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्याने त्यासाठी आदल्या रात्री निघावं, की थेट जेवणाच्या वेळेला पोचून मित्रांना भेटावं?

आदल्या रात्री निघा. मी २००३ साली पास झालो, जिल्हा कोर्टात फौजदारी कामं करतो. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या बॅचचा मेळावा झाला, तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता.

आमच्या पिढीची अडचण अशी की जुने आकडे अंगात मुरलेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ म्हटलं की उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घेण्याचा अर्ज, हे झोपेतही सांगू. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करण्याचा अर्ज गेला ५२८ खाली. एवढं जुन्या-नव्या कलमांचा तक्ता समोर ठेवला तरी कळतं. घोळ होतो तो मधल्या काळातल्या प्रकरणांत. जूनमध्ये मारामारी झाली आणि फिर्याद जुलैत नोंदवली, तर गुन्ह्याची कलमं जुन्या दंड संहितेची, पण तपास नव्या संहितेप्रमाणे. खटला आधीपासूनच चालू असेल तर नव्या संहितेच्या ५३१ कलमानुसार तो जुन्याच पद्धतीने पुढे जातो. असे प्रश्न तक्त्यातून सुटत नाहीत, ज्याच्या हातून अशा दहा फायली गेल्यात त्याला विचारावे लागतात.

आमच्याकडे बोलायला उभा होता तो वर्गातलाच एक, आता सेशन कोर्टात सरकारी वकील. त्याने भाषण केलंच नाही. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राचे कोरे नमुने वाटले आणि म्हणाला, ‘सीसीटीव्ही फुटेज दाखल करायचंय असं समजा आणि भरा.’ पूर्वी जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब चं प्रमाणपत्र आपण आपल्या शब्दांत एका पानावर टाइप करून द्यायचो. आता नमुना कायद्याच्या परिशिष्टातच दिलाय आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हीकडे त्या फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, लिहायची. मी सहा महिने जुनंच पान जोडत होतो. हे मला तिथे बसल्यावर, पेन हातात धरल्यावर कळलं. सोमवारी ऑफिसात जाऊन फायली उघडल्या, दोन प्रकरणांत पुराव्याचा टप्पा अजून यायचा होता, त्यामुळे दुरुस्ती करता आली.

मग मागच्या रांगेतून एकीने विचारलं, तालुक्याच्या गावी हा तज्ज्ञ आणायचा कुठून? त्यावर पाऊण तास चर्चा झाली. सगळ्यांचं एकमत झालं नाही, पण कोण कुठल्या कोर्टात काय करतंय हे ऐकायला मिळालं. एवढ्यासाठीसुद्धा मी पुन्हा जाईन.

या प्रमाणपत्राला कमी लेखू नका. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हे निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं. तो वाद अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२० च्या निकालाने सांगितलं की मूळ उपकरण कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच, आणि ज्याच्याकडे ते आहे तो देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवा.

आपल्याकडे सनद मिळाल्यावर पुढे शिकत राहण्याची सक्ती अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये नाही. न्यूयॉर्कमध्ये अनुभवी वकिलाला दर दोन वर्षांनी २४ तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं, त्यामुळे तिकडच्या लॉ स्कूलच्या मेळाव्यांत अशी व्याख्यानं हक्काने असतात. आपल्याकडे जो येतो तो स्वतःच्या गरजेने येतो, आणि मला ते आवडतं. बार रूममध्ये ज्युनिअर बसलेले असताना ‘हे कलम मला नीट समजलेलं नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. ज्यांच्यासोबत परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स वाटून घेतल्या, त्यांच्यासमोर ते सहज म्हणता येतं. वीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला अशी जागा दुसरीकडे कुठे मिळते, सांगा.

कार्यक्रमपत्रिकेत ‘नव्या कायद्यांची ओळख’ एवढंच लिहिलं असेल तर तो तास सोडून चहा घेतलात तरी चालेल, कलमं वाचायला घरी पुस्तक आहे. एखादा ठरावीक अर्ज, जामीन किंवा उलटतपासणी असा विषय असेल तर पुढच्या रांगेत बसा. मात्र तिथे ऐकलेलं शेवटचं धरू नका. आमच्याकडे चेकच्या खटल्यांवर बरीच चर्चा झाली होती. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे कोर्टाने फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीला ऐकून घ्यायचं आहे, मग चेक न वटल्याच्या, म्हणजे कलम १३८ च्या फिर्यादीतही आधी नोटीस काढायची का? बऱ्याच जणांचं मत ‘हो’ असं पडलं. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये गोव्यातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३८ च्या फिर्यादीत त्या टप्प्यावर समन्सची गरज नाही असं म्हटलं. मेळाव्यातली वही उघडून मी ते मत खोडलं आणि शेजारी निकाल लिहून ठेवला. तुम्हीही वही ठेवा.

जाताना स्वतःच्या दोन-तीन अडलेल्या प्रकरणांचे प्रश्न कागदावर लिहून न्या. पक्षकाराचं नाव, गाव, गुन्हा नंबर काही सांगू नका, त्याने विश्वासाने सांगितलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन मित्रांमध्येही सुटत नाही. आणि प्रमाणपत्राचे कोरे नमुने वाटले तर एक जास्त मागून घ्या, तुमच्या ज्युनिअरसाठी.