कर्ज किती वर्षांचे आणि काम किती वर्षांचे?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. मोठ्या कामांसाठी नगरपालिकेने कर्ज काढणे मुळातच चुकीचे आहे का, आणि जुनी जलवाहिनी वारंवार फुटत असताना नवे सभागृह आधी मंजूर कसे होते? स्थानिक संस्थेच्या लेखा विभागात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कर्ज काढणे मुळात चुकीचे नाही. चांगली टाकलेली जलवाहिनी 50 वर्षेही चालते. तिचा सगळा खर्च आजच्या करदात्यांकडून एकाच वर्षी वसूल केला, तर पैसे एका पिढीने भरायचे आणि पाणी पुढच्या दोन पिढ्यांनी प्यायचे, असे होते. कर्जामुळे तो भार वापरणाऱ्यांमध्ये वाटला जातो. मात्र कर्जाची मुदत कामाच्या आयुष्यापेक्षा लांब असता कामा नये. समजा, 8 टक्के व्याजाने 100 रुपये घेतले आणि 20 वर्षांच्या समान वार्षिक हप्त्यांत फेडायचे ठरले. दरवर्षी सुमारे 10 रुपये 19 पैसे, म्हणजे एकूण जवळजवळ 204 रुपये भरावे लागतात. हा पैसा दहा वर्षांत उखडणाऱ्या डांबरी थरावर खर्च झाला असेल, तर रस्ता पुन्हा करण्याची वेळ येते तेव्हा मुद्दलातले सुमारे 68 रुपये फेडायचे राहिलेलेच असतात, कारण सुरुवातीच्या हप्त्यांचा मोठा भाग व्याजातच जातो. त्याहून घातक म्हणजे रोजचा खर्च कर्जावर भागवणे. न्यूयॉर्क शहराने अनेक वर्षे महसुली, म्हणजे रोजच्या खर्चाचा काही भाग भांडवली, म्हणजे टिकाऊ कामांच्या अंदाजपत्रकात दाखवला आणि अल्पमुदतीच्या कर्जांवर कारभार चालवला. 1975 मध्ये बँकांनी त्या शहराचे नवे रोखे विकण्यास नकार दिला, तेव्हा शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले.

कर्जाखेरीज पैसा येतो तो महसुली शिल्लक (रोजचा खर्च भागून उरलेली रक्कम), विकास शुल्क, जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून घेतलेला हिस्सा आणि वरिष्ठ शासनाची अनुदाने यांतून. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा या अनुदानांत सापडते. अनुदान एखाद्या ठरावीक प्रकारच्या कामासाठीच येते आणि त्यासाठी संस्थेला स्वहिस्सा, म्हणजे खर्चातला स्वतःचा वाटा, भरावा लागतो. सभागृहासाठी योजना असेल आणि जुनी वाहिनी बदलण्यासाठी नसेल, तर वाहिनीसाठी जपून ठेवलेली शिल्लक सभागृहाच्या स्वहिश्श्यात जाते. निर्णय घेणाऱ्यांना वाटते की थोड्या पैशात मोठे काम पदरात पडले. प्रत्यक्षात कामांचा क्रम दुसऱ्याच कोणीतरी ठरवून दिलेला असतो.

हे टाळायचे असेल तर नियोजनाची सुरुवात मागण्यांच्या यादीपासून न करता मालमत्तेच्या नोंदवहीपासून करावी लागते: कोणती वाहिनी कोणत्या वर्षी टाकली, तिचा व्यास किती, ती किती वेळा फुटली, बंद पडली तर किती घरांचे पाणी जाईल. त्यावरून पाच-सहा वर्षांचा भांडवली आराखडा होतो. त्याचे पहिले वर्ष म्हणजे त्या वर्षीचे भांडवली अंदाजपत्रक असते. पुढची वर्षे हा इरादा असतो आणि तो दरवर्षी तपासून पुढे सरकवायचा असतो. हे तपासणे थांबले की मंजूर कामांची रक्कम हाती येणाऱ्या पैशाच्या कितीतरी पट होते आणि नव्या वर्षाचा निधी मागच्या स्पिल ओव्हर, म्हणजे अपुऱ्या राहून पुढच्या वर्षात आलेल्या, कामांची देयके भागवण्यातच संपतो.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत कमी वाचली जाणारी गोष्ट म्हणजे प्रस्तावाच्या पत्रकातला वार्षिक देखभाल खर्चाचा रकाना. माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी पत्रकांत तिथे फक्त एक आडवी रेघ असे. पंपगृहाच्या प्रस्तावात सिमेंटच्या गोण्यांपर्यंत हिशेब दिलेला असे, पण वीजबिल, तीन पाळ्यांचे चालक, घासून जाणारे बेअरिंग आणि काही वर्षांनी बदलावी लागणारी मोटर यांचा उल्लेखही नसे. अनुदानाने इमारत उभी राहते, पण तिचा दिवा महसुली खात्यातूनच जळतो. ती रेघ पाहून मी पत्रक परत पाठवत असे, आणि त्याबद्दल मला अनेकदा वाईटपणा घ्यावा लागला.

कर्ज देणारेही हेच पाहतात. अहमदाबाद महानगरपालिकेने 1998 मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय 100 कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. ते घेतले गेले, कारण त्याआधी करवसुली सुधारली होती आणि ठरावीक जकात नाक्यांचे (शहरात येणाऱ्या मालावरील कराचे) उत्पन्न परतफेडीसाठी वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे दुसऱ्या कशासाठी वापरता न येणाऱ्या राखीव खात्यात, ठेवले होते. नियमित येणारे उत्पन्न दाखवता आले, तर कर्ज कमी व्याजाने मिळते.

म्हणून आपण नगरपालिकेकडे दोनच कागद मागा. एक, सभागृहाच्या प्रस्तावाचे पत्रक: देखभालीच्या रकान्यात आकडा आहे का आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून, भागवला जाणार आहे. दुसरा, त्या जलवाहिनीची नोंद: टाकल्याचे वर्ष आणि गेल्या तीन वर्षांत ती किती वेळा दुरुस्त करावी लागली. अंदाजपत्रकाची सभा होण्यापूर्वी हे कागद हाती आले, तर नगरसेवकांशी बोलताना त्यांचा उपयोग होईल. सभा झाल्यानंतर वर्षभर थांबावे लागेल.